वादळात झाड छपरावर कोसळलं तर आधी काय करायचं आणि करवत कधी हातात घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे : रात्रीच्या वादळात अंगणातलं मोठं झाड मुळांसकट कलंडून घराच्या छपरावर टेकलं आहे. त्याच्या बाजूच्या झाडाची एक जाड फांदी मोडून वरच्या वर अडकली आहे, आणि कुंपणाजवळचं एक लहान झाड तिरकं झालं आहे. घरात चेनसॉ आहे, मदतीला भाऊ आहे. पुन्हा पाऊस यायच्या आत सगळं काढून टाकावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

वादळात पडलेली झाडं काढणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. छपरावरचं झाड आणि वर अडकलेली फांदी या दोन्हींना तुम्ही दोघांनी हात लावू नका. कुंपणाजवळचं लहान झाड मात्र तुम्ही स्वतः वाचवू शकता, त्याबद्दल शेवटी लिहितो. आज घाई करायची ती घरातली माणसं सुरक्षित जागी नेण्याची. ती एकदा बाहेर पडली की छपरावरचं झाड आणखी एक दिवस तसंच राहिलं तरी चालेल.

सगळ्यात आधी विजेच्या तारा बघा, त्याही लांबूनच. झाड तारेवर टेकलं असेल किंवा तुटलेली तार फांद्यांत गुंतली असेल, तर किमान 10 मीटर दूर राहा आणि इतरांनाही दूर ठेवा. ओलं लाकूड वीज वाहून नेतं, त्यामुळे तारेला हात न लावता नुसतं झाडाला हात लावणंही जिवावर बेतू शकतं. जमिनीवर पडलेल्या जिवंत तारेभोवतीच्या मातीतही वीज पसरते. तारेजवळ विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त आणि लांब कमी असतो, म्हणून मोठं पाऊल टाकलं की दोन पायांखालच्या दाबांतल्या फरकामुळे शरीरातून प्रवाह जातो. अशा ठिकाणी सापडलात तर पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, छोटी छोटी सरकती पावलं टाकत बाहेर या. घरातले दिवे गेलेत म्हणून तार मेलेली आहे असं कधीही समजू नका. पुरवठा मधेच परत सुरू होतो, आणि आसपास कोणी जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडला असेल तर वीज उलट बाजूने तारेत येते. टेलिफोनची किंवा केबलची म्हणून ओळखलेली तारसुद्धा पुढे कुठेतरी विजेच्या तारेला टेकलेली असू शकते. वीज कंपनीच्या माणसाने येऊन पुरवठा तोडला आहे आणि तार अर्थ केली आहे (म्हणजे जमिनीला जोडली आहे) असं सांगितल्याशिवाय तिथे कोणीही काहीही कापायचं नाही. अनुभवी कामगारही याला अपवाद नाहीत.

मग घराकडे या. झाड ज्या खोल्यांवर टेकलं आहे त्या रिकाम्या करा, त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या खोल्याही. छपरावर आलेलं वजन भिंतींतून खाली उतरलेलं असतं आणि त्या भिंती हे वजन पेलण्यासाठी बांधलेल्या नसतात. काल नीट बंद होणारं दार आज अडकतं आहे, भिंतीत नवी तिरकी चीर दिसते आहे, छत मधे फुगलं आहे किंवा अधूनमधून कडकड आवाज येतो आहे, यांतलं एकही लक्षण दिसलं तर पूर्ण घर सोडा. मेन स्विच कोरड्या जमिनीवर उभं राहून गाठता येत असेल तरच बंद करा. गॅस बंद करा. गॅसचा वास येत असेल तर कोणतंही बटण न दाबता बाहेर पडा. उन्मळलेली मुळं जमिनीतले गॅसचे, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप सोबत उपटतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. छपरावर सौर पॅनेल असतील तर मेन स्विच बंद करूनही ऊन आहे तोवर पॅनेलमधून वीज तयार होत राहते, त्यामुळे फुटलेल्या पॅनेलजवळ कोणी जाऊ नये. आणि मेघगर्जना ऐकू येत असेल तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी उघड्यावर जाऊ नका.

आता तुम्हाला करवतीपासून लांब का ठेवतो आहे ते सांगतो. या कामात माणसं जखमी होतात ती बहुतेक इथेच.

झाड पडलं की सगळ्यांना वाटतं, व्हायचं ते होऊन गेलं. खरं तर ते पडता पडता अडलेलं असतं. उभ्या झाडाचं वजन खोडातून सरळ जमिनीत उतरतं, पण कलंडलेल्या झाडाचं वजन कुठे छपरावर, कुठे एखाद्या वाकलेल्या फांदीवर, कुठे अजून न तुटलेल्या मुळांवर वाटलं गेलेलं असतं. तो प्रत्येक आधार ताणलेला किंवा दाबलेला असतो. करवतीने त्यांतला एक सोडवला की बाकीचे सगळे आपापली जागा बदलतात, आणि हे एका क्षणात होतं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. ओल्या, हिरव्या लाकडाचं वजन जातीप्रमाणे घनमीटरला साधारण 800 ते 1,100 किलो असतं. म्हणजे 30 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा एक मीटर लांबीचा तुकडा 70 किलोच्या आसपास भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, त्यामुळे 60 सेंटिमीटर व्यासाचा तेवढाच तुकडा सुमारे 280 किलोचा. तुमच्या छपरावर असे कितीतरी मीटर आहेत, वर भिजलेला पाना-फांद्यांचा घेर वेगळा.

लाकडातला ताण कसा वाचायचा ते एका साध्या उदाहरणाने बघा. एखादं खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी आहे. ते स्वतःच्या वजनाने मधे खाली वाकतं, त्यामुळे त्याची वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. तेच खोड एकाच टोकाला धरलेलं आणि दुसरं टोक हवेत असेल तर उलट होतं, वरची बाजू ताणलेली आणि खालची दबलेली. दबलेल्या बाजूने खोल कापत गेलात तर फट मिटते आणि करवतीची पट्टी आत चिमटून बसते. ताणलेल्या बाजूने सुरुवात केलीत तर काप पुरा व्हायच्या आत लाकूड उभं फाटतं आणि फाटलेला भाग जोरात बाहेर येतो. म्हणून आधी दबलेल्या बाजूने जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापायचं आणि मग ताणलेल्या बाजूने हळूहळू त्या कापाला मिळायचं. खोड आडवं वाकलेलं असेल तर वाकाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, कारण सुटलेलं लाकूड बाहेरच्या बाजूला फेकलं जातं.

हे मोकळ्या जमिनीवरच्या खोडाबद्दल झालं. छपरावर टेकलेल्या झाडात हे सगळं एकत्र असतं, शिवाय खोडाला पीळ बसलेला असतो. कोणती फांदी झाडाला उचलून धरते आहे आणि कोणती नुसती टेकली आहे, हे खालून दिसत नाही. मोठ्या झाडाखाली सापडलेली लहान लवचीक झाडं तर ताणलेल्या धनुष्यासारखी असतात. त्यांच्यावर एक काप घातला की ती सरळ होताना तोंडावर किंवा छातीवर बसतात. अनुभवी माणूस ती वाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं तासत आणतो, म्हणजे ताण हळूहळू उतरतो.

मुळांच्या गड्ड्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. झाड कलंडतं तेव्हा मुळं आणि माती यांची एक जाड चकती उभी राहते आणि तिच्यामागे खड्डा पडतो. खोडाचं वजन पुढे ओढत असतं म्हणूनच ती चकती उभी असते. खोड बुंध्याजवळ कापलं की पुढची ओढ संपते, आणि टनावारी माती घेऊन तो गड्डा परत खड्ड्यात कोसळतो. कधी तो दुसऱ्याच बाजूला पडतो, खास करून उतारावर. मुलांना असे खड्डे खेळायला आवडतात. आजच, अगदी हे वाचून झाल्याबरोबर, तिथे दोरी बांधून रस्ता अडवा. गड्ड्याला दोराचा किंवा मशीनचा आधार दिल्याशिवाय बुंध्याजवळ कापायचं नसतं, आणि कापताना खड्ड्याच्या बाजूला कोणीही नाही हे प्रत्यक्ष बघून घ्यायचं असतं.

जाणकार तुकडी आली की ती काय करते हे माहीत असलं तर चांगलं काम ओळखता येतं. ते आधी बराच वेळ नुसतं बघतात. आलेला माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या करवत सुरू करत असेल तर त्याला थांबवा. मग गरज असेल तिथे आतून छताला टेकू लावतात. क्रेन पोहोचत असेल तर खोडाला दोन ठिकाणी पट्टे घालून, क्रेनवर आधी वजन घेऊन, मगच कापतात, आणि तुकडा सरळ वर उचलून बाजूला नेतात. क्रेनच्या पायांखालची जमीन भिजून मऊ झाली आहे का, खाली सांडपाण्याची टाकी आहे का, वर तारा आहेत का, हे क्रेनवाल्याने विचारलंच पाहिजे. टाकी कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल तर त्याने न विचारताही सांगा. क्रेन येत नसेल तर शेंड्याकडून बुंध्याकडे, छोटे तुकडे करत, प्रत्येक तुकडा दोर आणि कप्पीवर तोलून खाली सोडतात. वेळ लागतो, पण छप्पर आणखी फुटत नाही.

एक मार्ग मात्र कोणीही सुचवला तरी नाकारा : दोर बांधून झाड गाडीने ओढणं. झाड घसरताना फांद्या छप्पर खरवडून काढतात, जे वाचलं होतं तेही जातं. नायलॉनचा दोर आधी लांबतो, आणि तुटला की इतक्या जोरात मागे येतो की वाटेतल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

वर अडकलेली फांदी दिसायला छपरावरच्या झाडापेक्षा किरकोळ वाटते. मला ती जास्त भीतिदायक वाटते, कारण तिच्याखालून माणसं बिनधास्त ये-जा करतात. ती पडायला वारा लागतोच असं नाही. मोडलेलं लाकूड वाळत जातं, धरून ठेवलेले तंतू सैल होतात आणि शांत दुपारीही ती खाली येते. तिच्याखालची जागा सगळ्या बाजूंनी फांदीच्या लांबीइतकी तरी अडवून ठेवा. दोर टाकून खेचू नका, खेचणाऱ्याच्याच अंगावर येते. आणि शिडी लावून करवत घेऊन वर चढणं तर कोणत्याही परिस्थितीत नको. त्यामागचं कारण साधं आहे. शिडी टेकवलेल्या फांदीचा पुढचा भाग कापून पडला की वजन उतरल्यामुळे उरलेली फांदी वर उचलली जाते आणि शिडीचा आधारच नाहीसा होतो. नाहीतर तुटलेला भाग झुलत येऊन शिडीवर आदळतो. ही फांदी माणसाला वर उचलणाऱ्या यांत्रिक पाळण्यातून काढावी लागते, किंवा दुसऱ्या भक्कम झाडाला दोर बांधून चढणारा कसबी माणूस ती काढतो.

तुमच्याकडच्या चेनसॉबद्दल. तिची साखळी सेकंदाला 20 मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला की पट्टी उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे येते. पडलेल्या झाडाच्या गचपणात टोकासमोर काय आहे ते दिसत नाही, म्हणून हा धोका तिथे कितीतरी वाढतो. हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, कानांचं संरक्षण, पक्के बूट आणि चेनसॉसाठी खास बनवलेलं पायांचं आवरण यांशिवाय ती सुरू करू नये. त्या आवरणातले लांब धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. जाड जीन्स हे काम करत नाही. खांद्याच्या वर करवत उचलायची नाही, एकट्याने काम करायचं नाही, आणि दमल्यावर तर अजिबात नाही.

मग तुम्ही दोघांनी काय करावं? जमिनीवर पूर्ण सुटून पडलेल्या, मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक फांद्या हातकरवतीने कापून बाजूला करा, म्हणजे क्रेनला आणि माणसांना वाट होते. बाहेरून आत या. प्रत्येक फांदी कापण्याआधी ती हलवून बघा. हलत नसेल तर तिच्यावर कशाचं तरी वजन आहे, ती सोडून द्या. खोडाखाली टेकून उभ्या असलेल्या फांदीला हात लावू नका, ती खांबाचं काम करते आहे. पडलेल्या पाल्यात साप आसरा घेतात, गांधीलमाशांची पोळी फुटलेली असतात. हात घालण्याआधी काठीने चाळवा.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा : चारही बाजूंनी, मुळांचा गड्डा, छपराचं नुकसान आतून आणि बाहेरून, आणि खोड आतून कुजलेलं असेल तर त्याचाही जवळून. विम्याच्या दाव्याला ते लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी झाड तोडायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते तिथेही ते कामाला येतात. जिवाला थेट धोका असताना बहुतेक नियमांत सवलत असते, पण ती उभ्या, सुदृढ झाडांना लागू होत नाही, म्हणून फोनवर विचारून ठेवा. विमा कंपनीला लगेच कळवा. झाड काढून होताच छपरावर ताडपत्री घालून घ्या आणि त्या खर्चाची पावती ठेवा. आतलं पुढचं नुकसान टाळण्यासाठी तुम्ही काय केलं, हे त्यांना दाखवता यायला हवं.

वादळानंतर करवत घेऊन दारोदार फिरणारी माणसं येतात. गरजेच्या वेळी नाही म्हणणं कठीण जातं हे मला समजतं. तरीही कामगारांचा आणि तुमच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा आहे का ते विचारा, कागद बघा. काय काढणार, खुंट काढणार की ठेवणार, ओंडके आणि पाला कोण नेणार, हे लिहून घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. जे झाड ठेवायचं आहे त्यावर पायांना काटे लावून चढायला निघालेला माणूस झाडाचा जाणकार नाही, कारण प्रत्येक काटा सालीतून जिवंत थरापर्यंत भोक पाडतो. आणि ‘हेही पडणार, आजच सगळी तोडून टाकू’ असं म्हणून घाई करणाऱ्याला परत पाठवा.

कारण ज्या झाडाची फांदी मोडली आहे ते बहुधा वाचण्यासारखं आहे, आणि त्याची बाजू घेणारं त्या गडबडीत कोणी नसतं. अडकलेली फांदी निघाल्यावर ते शांतपणे तपासा. घेराचा चौथा-तिसरा हिस्साच गेला असेल, खोड चिरलेलं नसेल आणि बुंध्याभोवतीची जमीन घट्ट असेल तर झाड ठेवा. खोड बेचक्यातून खालपर्यंत फाटलं असेल किंवा घेर निम्म्याहून जास्त गेला असेल तर काढणंच बरं. झाड नव्याने कललं आहे आणि कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेली आहे किंवा तिला अर्धगोल भेग पडली आहे, हे सगळ्यात वाईट लक्षण, मग वरची पानं कितीही हिरवी असोत. पोकळी दिसली म्हणून मात्र लगेच निकाल देऊ नका. जर्मन संशोधक क्लाउस माथेक यांनी मोडलेल्या आणि टिकलेल्या पोकळ खोडांचा अभ्यास करून एक ढोबळ नियम मांडला : सगळीकडून शाबूत भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे 30 टक्के तरी असावी. हा नियम एकट्याने पुरत नाही, पण पोकळ झाडही भक्कम असू शकतं एवढं त्यातून नक्की कळतं.

ठेवलेल्या झाडावरचा मोडका खुंट नीट कापून घ्यावा लागतो. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्याच्या लगेच बाहेर यावा, कडं कापलं जाता कामा नये. आधी खालून थोडा काप, मग त्याच्या पुढे वरून काप घालून वजन उतरवायचं, आणि शेवटी कड्याजवळचा काप. असं केलं तर साल खाली सोलत जात नाही. वर डांबर किंवा रंग लावू नका. अमेरिकेच्या वन विभागातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी 1970च्या दशकात हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तर ती आतून भिंती घालून वेगळी करतं. वरच्या लेपाने कुज थांबत नाही. ‘पुढच्या वादळासाठी’ म्हणून सगळा शेंडा छाटून घेऊ नका. छाटलेल्या टोकांवर फुटणारे धुमारे सालीजवळच्या वरवरच्या थरातून आलेले असतात, खालचं लाकूड कुजत जातं आणि काही वर्षांत तेच जड होऊन मोडतात. नारळासारख्या झाडांचं गणित वेगळं आहे. त्यांना वाढणारा कोंब एकच असतो, तो मोडला की ते झाड पुन्हा फुटत नाही.

आता कुंपणाजवळचं लहान झाड. खोड साधारण 10 सेंटिमीटरपर्यंत जाड असेल आणि निम्म्याहून जास्त मुळं अजून जमिनीत असतील तर ते वाचेल, मात्र दोनेक दिवसांत काम करा. तोवर उघड्या मुळांवर ओली पोती टाका, ऊन लागू देऊ नका. झाड नुसतं ओढून उभं केलंत तर उचललेली मुळं खाली दुमडून तुटतात, म्हणून आधी त्या बाजूला मुळांखालची माती उकरून जागा करा. चिंध्या झालेली मुळं धारदार कात्रीने साफ कापा. मग झाड हळूहळू सरळ करा, माती भरा आणि भरपूर पाणी घाला, म्हणजे मातीतली हवा निघून ती मुळांना चिकटते. बाजूंनी दोन-तीन भक्कम खुंट्या ठोकून रुंद, मऊ पट्ट्याने बांधा, तेही खोडाच्या खालच्या अर्ध्या भागात आणि थोडं सैल, कारण वाऱ्यावर थोडं डोलल्यानेच खोड आणि मुळं जाड होतात. तार वापरू नका, रबरी नळीत घातलेली तारसुद्धा साल चिरते. खत नको, आणि मोडक्या फांद्यांखेरीज छाटणीही नको, नवी मुळं काढायला त्याला ती पानं लागणार आहेत. बुंध्याभोवती पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र तो टेकू देऊ नका. दर महिन्याला पट्टे काचत नाहीत ना ते बघा, आणि वर्षभराने आधार काढून टाका.